सांदवाडी : बागवेड्या माणसाने राहावे कुठे?

बागकामाची आवड असलेल्या माणसाने कुठे राहावे, या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेली उत्तरे आहेत. कोणी महाबळेश्वर-पाचगणी म्हणते, कोणी कोकणातले घर, कोणी पुण्याच्या आसपास एखादा बंगला प्लॉट. निवृत्तीनंतरच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो आणि पाच मिनिटांत हवेवर येऊन थांबतो. 'तिथली हवा बागेला चांगली' हे वाक्य उच्चारले की चर्चा संपते. मी पस्तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. त्या काळात पुण्यात, रत्नागिरीत आणि नागपुरात, जिथे जागा मिळाली तिथे, कुंडीपासून अर्ध्या गुंठ्यापर्यंत बाग केली. या अनुभवावरून मला असे वाटू लागले आहे की आपण हा प्रश्न उलट्या टोकाकडून विचारतो. हवा हा बागेच्या हिशेबातला एक आकडा आहे, पण पहिला नाही.

हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी मी या लेखात एकच गाव घेतले आहे. बागेसाठी आदर्श अशा गावांच्या कोणत्याही यादीत ते येणार नाही. भंडारा जिल्ह्यातले मोहाडी हे ते गाव. भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे ठिकाण बाहेरच्यांना माहीत असेल तर चौंडेश्वरी देवीच्या मंदिरामुळे, किंवा इथल्या आणि शेजारच्या आंधळगावच्या कोशाच्या कापडामुळे. रेल्वेने येणारा माणूस याच तालुक्यातल्या वरठीला, म्हणजे 'भंडारा रोड' स्थानकावर उतरतो. गावाच्या नावातच मोहाचे झाड आहे, पण बागेची कीर्ती नाही. मोहाडी माझे माहेर आहे. तरीही लेख आठवणींचा होऊ नये असा माझा प्रयत्न आहे. मोजता येईल ते मोजावे आणि मग ठरवावे.

उन्हाची बाजू

आधी गावाच्या विरोधात जे आहे ते मांडते. मोहाडी साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रापासून दूर, वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो, काही वर्षी ओलांडतो. वाऱ्यात ओलावा नसतो. पुण्यात बाराही महिने टिकणारे फर्न आणि बिगोनिया इथे एप्रिलमध्ये वाळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये केव्हातरी गारपीट होते आणि मुनग्याचा मोहोर खाली झोपतो. पाऊस वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुणे शहराच्या जवळजवळ दुप्पट, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून मोकळा होतो.

आता दुसरी बाजू. याच गावात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने बागेसाठी असे असतात की महाबळेश्वरने हेवा करावा. आकाश निरभ्र, दिवसा २८-३० अंश, रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरणारे तापमान. टमाटरचे उदाहरण घ्या. रात्रीचे तापमान चोवीस अंशांच्या वर राहिले की या झाडाचे परागकण नीट काम करत नाहीत. फुले येतात आणि गळतात. कोकणात थंडीतही रात्री पुरेशा गार होत नाहीत, म्हणून तिथे घरच्या बागेतले टमाटर, फुलकोबी, वाटाणा ही पिके मनासारखी साधत नाहीत. वनस्पती दिवसा उन्हात साखर तयार करते आणि रात्री श्वसनात तिचा काही भाग खर्च करते. रात्र गार असेल तर खर्च कमी, शिल्लक जास्त. विदर्भातल्या थंडीतल्या गाजराला, वाटाण्याला आणि सांबाराला (म्हणजे कोथिंबिरीला) जी चव असते तिचे गणित हे असे सरळ आहे.

म्हणजे मोहाडीची हवा चांगली की वाईट, याचे एकच उत्तर देता येत नाही. तिला तीन वेगळे ऋतू आहेत आणि प्रत्येक ऋतूची बाग वेगळी आहे. पावसाळ्यात दोडके, काटवल, चवळी, अंबाडी, भेंडी आणि कोचई. हिवाळ्यात वांगी, टमाटर, पालक, मेथी, सांबार आणि पोपटाच्या शेंगा, म्हणजे वाल. उन्हाळ्यात विहिरीजवळच्या दोनचार वाफ्यांत काकडी, दुधी भोपळा आणि सावलीत धरून ठेवलेली पालेभाजी. बारा महिने एकच बाग हवी असणाऱ्याने इथे येऊ नये. वर्षातून तीनदा बाग नव्याने मांडायला आवडत असेल त्याला मात्र हे गाव कंटाळा येऊ देणार नाही.

मातीची नावे

कारेल चापेक या चेक लेखकाचे बागकामावरचे एक छोटे, खट्याळ पुस्तक १९२९ साली प्रसिद्ध झाले. प्राग शहरातल्या आपल्या बागेचे बारा महिने त्याने त्यात रंगवले आहेत. त्यातला एक मुद्दा माझ्या मनात कायमचा राहिला : खरा माळी फुलांची मशागत करत नाही, मातीची करतो. म्हणून गाव निवडताना मी हवेच्या आधी माती विचारते. आणि माती विचारायची तर लोकांनी तिला किती नावे दिली आहेत ते आधी पाहावे.

आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ साली निघाले. त्या काळच्या जमाबंदीत या भागातल्या जमिनींची जी वर्गवारी वापरात होती तिची नावे आजही शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत : कन्हार, मोरांड, खर्डी, सिहार, बरडी. कन्हार ही नदीकाठची गडद, चिकण माती. मोरांड तिच्याखालोखालची, थोडी हलकी, चुन्याचे खडे असलेली. सिहार पिवळसर, वाळूमिश्रित, धानाला मानवणारी. बरडी म्हणजे खडकाळ माळ. मोहाडी तालुक्यात दोनचार किलोमीटर चाललात तर यातल्या तीन तरी पायाखाली येतात. पूर्वेला वैनगंगा, पश्चिमेच्या अंगाला सूर नदी, मधे धानाच्या बांध्या.

बागेच्या दृष्टीने यातली एकही माती निर्दोष नाही. कन्हार पाणी भरपूर धरते, पण पावसाळ्यात तिच्यात हवा राहत नाही आणि मुळे गुदमरतात. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चुन्याचे प्रमाण जास्त असेल तर जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, आणि गुलाबाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माणसे रोग समजून फवारण्या करत बसतात. सिहार मातीचा दोष उलटा. निचरा चांगला, पण अन्न आणि पाणी दोन्ही वाहून जाते. त्यावरचे जुने उपाय साधे आहेत. हलक्या जमिनीत उन्हाळ्यात तळ्याचा गाळ टाकायचा, भारी जमिनीत शेणखत आणि पालापाचोळा मुरवायचा. राज्य सरकारने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली. तिचा गाभा या भागातल्या शेतकऱ्याला नवा नव्हता.

पण या पाच नावांत मोहाडीच्या खऱ्या बागेची माती येतच नाही. ती सहावी आहे. तिचे नाव पांढरी.

पांढरी

मराठीत गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जातात : काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. पांढरी हा शब्द आपण आता अलंकारिक समजतो, पण तो अक्षरशः मातीचे वर्णन आहे. जिथे माणसे पिढ्यानपिढ्या राहतात तिथे चुलीची राख, शेण, गोमूत्र, हाडे, भुसा, पडक्या भिंतींची माती, खापरे हे सगळे थर एकावर एक बसत जातात. माती राखाडी, भुसभुशीत होते. तिच्यात स्फुरद, चुना आणि पालाश साठतो. स्फुरद जमिनीत सहजासहजी वाहून जात नाही; म्हणूनच जुनी वस्ती कुठे होती हे शोधताना पुरातत्त्वज्ञ मातीतल्या स्फुरदाची तपासणी करतात. आपल्याच जिल्ह्यातल्या पवनीला १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले आणि बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. दख्खनभर अशा प्राचीन वस्त्यांच्या टेकाडांना लोक पांढरीची टेकाडेच म्हणतात. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी ही माती गाड्या भरभरून खत म्हणून शेतात नेली. इतिहासाचे त्यात नुकसान झाले, पण त्यांचा मातीचा अंदाज अचूक होता.

जगात इतरत्रही हे घडले आहे. ॲमेझॉनच्या जंगलात मूळची जमीन अतिशय निकस आहे. पण जिथे दोन हजार वर्षांपूर्वीपासून माणसांच्या वस्त्या होत्या तिथे कोळसा, हाडे आणि खापरे मिसळलेली काळीभोर, सुपीक माती सापडते. नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीत शेतकऱ्यांनी माळावरच्या गवताची ढेकळे गोठ्यात अंथरून, ती शेणामुताने भिजली की शेतात टाकण्याचा क्रम शतकानुशतके चालवला. तिथल्या काही जमिनी त्यामुळे जवळजवळ मीटरभर उंच झाल्या. या तिन्ही ठिकाणी सुपीक जमीन आयती मिळालेली नाही. माणसांनी राहून, जनावरे राखून, उरलेसुरले परत मातीत घालून ती तयार केली आहे.

मोहाडीच्या भागात घराच्या मागच्या अंगणापलीकडे जी वाडी असते तिला सांदवाडी म्हणतात. पुण्याकडे परसबाग म्हणतील. पण परसबागेत हौसेची छटा आहे, ती सांदवाडीत नाही. सांदवाडी हा घराचा कामाचा भाग असतो. न्हाणीचे पाणी तिकडे वाहते, गोठा तिच्या कडेला असतो, उकिरडा तिच्या कोपऱ्यात. चुलीची राख रोज सकाळी वांग्याच्या बुडाशी जाते. ही जमीन पांढरीत मोडते. मी तीन गावांत पोती पोती खत विकत आणून जी माती पाच-पाच वर्षांत बनवू शकले नाही ती इथे प्रत्येक जुन्या घरामागे फुकट पडलेली आहे. फुकट म्हणणेही बरोबर नाही. आठ-दहा पिढ्यांच्या बायकांनी रोज एक टोपले टाकून ती बनवली आहे.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून हेच वेगळ्या रीतीने मांडले. गणिताचा हा प्राध्यापक सांगत असे की पाच माणसांच्या कुटुंबाला नीट पोसायला दहा गुंठे पुरतात. अट एवढीच की ऊन वाया जाऊ द्यायचे नाही आणि घरातला, झाडांचा प्रत्येक काडीकचरा पुन्हा मातीत न्यायचा. त्यांनी शहरातल्या गच्च्यांवर उसाच्या चोयट्यांपासून आणि पाल्यापासून माती तयार करून दाखवली. दाभोलकरांचे प्रयोग वाचताना मला सांदवाडीच दिसत राहते. फरक इतकाच की त्यांनी प्रत्येक गोष्ट मोजली, आणि सांदवाडीत कोणी कधी मोजली नाही.

पाण्याचा हिशेब

माती मिळाली तरी उन्हाळा आहेच. इथे थोडे अंकगणित करू. शंभर चौरस मीटरचे, म्हणजे साधारण हजार चौरस फुटांचे छप्पर घ्या. वर्षाला १,३०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर १,३०,००० लिटर पाणी पडते. पाचवा भाग वाया गेला असे मानले तरी १,०४,००० लिटर हाती येते. आता एक गुंठ्याची, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटरची भाजीबाग घ्या. हिवाळ्यात तिला रोज चौरस मीटरला ४ लिटर म्हणजे ४०० लिटर लागतात. चार महिन्यांचे झाले ४८,००० लिटर. मार्चपासून पाऊस येईपर्यंतच्या शंभर दिवसांत गरज दुप्पट होते, ८०,००० लिटर. एकूण १,२८,०००. तूट २४,००० लिटरची. पण उन्हाळ्यात निम्मी जागा मोकळी ठेवली, उरलेल्या वाफ्यांवर पाचोळ्याचे आच्छादन घातले आणि मुनग्याची विरळ सावली धरली, तर उन्हाळ्याची गरज निम्म्यावर येते. मग एकूण ८८,००० लिटर लागतील आणि पाणी उरेल. तात्पर्य, आपल्या घराच्या छपरावर पडणाऱ्या पावसात मोहाडीतली एक गुंठा बाग वर्षभर जगते. सातशे मिलिमीटरच्या गावात तेवढ्याच छपरावर हे साधत नाही.

अडचण साठवण्याची. लाखभर लिटरची टाकी कोणी बांधत नाही. ती जमिनीत साठवावी लागते, आणि या भागाने ते काम फार पूर्वी केले आहे. भंडाऱ्याला तळ्यांचा जिल्हा म्हणतात. विदर्भाच्या पूर्व भागात साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदात आणि बोलण्यातही त्यांचे नाव 'मामा तलाव' झाले आहे. जिल्ह्याच्या पूर्वेकडचे अनेक तलाव कोहळी समाजाने बांधले. शेतातली छोटी तळी म्हणजे बोडी. उताराचे पाणी बोडीत, तिथून बांधीत, बांधीतून खालच्या तलावात. आणि मुरलेले पाणी गावातल्या विहिरींत. सांदवाडीतली विहीर एप्रिलमध्ये किती खोल जाईल हे गावाबाहेरच्या तलावात किती पाणी उरले यावर ठरते. म्हणजे ज्याला मी 'माझी बाग' म्हणते तिचा एक मोठा भाग माझ्या कुंपणाबाहेर आहे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून तलाव सरकारकडे आले. जमीनदारी जाणे न्यायाचेच होते. पण पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे, पाट मोकळे ठेवणे ही कामे ज्या व्यवस्थेतून होत ती मोडली, आणि तिच्या जागी तितकी जवळची दुसरी उभी राहिली नाही. तलाव गाळाने उथळ झाले, बेशरमाच्या झुडपांनी भरले. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगावला मनीष राजनकर आणि 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' यांनी ढीवर समाजाच्या मदतीने याला उत्तर शोधले. तलावातले बेशरम उपटायचे, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, मग स्थानिक मासे परत येतात. हेही बागकामच आहे, फक्त पाण्यातले. तुमसर-मोहाडीच्या धानाला आता बावनथडी प्रकल्पाचेही पाणी आहे. पण कालवा शेतापर्यंत येतो. सांदवाडीला तलाव आणि विहीरच लागते.

वाळूतली बाग

वैनगंगेच्या पात्रात पावसाळ्यानंतर एक वेगळीच बाग मांडली जाते. तिला डांगरवाडी म्हणतात. पाणी ओसरले की ढीवर कुटुंबे वाळूत लांब चर खणतात, ओल लागेपर्यंत. चरात शेणखत भरून टरबूज, डांगर, काकडीच्या बिया लावतात. सुरुवातीला हंड्याने पाणी, मग मुळे स्वतःच खालची ओल गाठतात. वेल वाळूवर पसरतात, दिवसा वाळू तापते, रात्री झटकन निवते, आणि मार्च-एप्रिलमध्ये फळे येतात. सातबारा नाही, विहीर नाही, कुंपण काट्याचे, आणि दरवर्षी पूर येऊन सगळे पुसून जाते. जमिनीचा तुकडाही नसलेल्या माणसाने उत्तम बाग कशी करावी याचे इतके नेमके उदाहरण मला दुसरीकडे दिसले नाही.

या बागेचा सगळा आधार वाळूची जाडी. वाळू ओल धरते आणि काठच्या विहिरींनाही पाणी देते. तिचा बेसुमार उपसा झाला की पात्र खोल जाते, ओल खाली उतरते, चर खणून उपयोग होत नाही. शहरांतल्या इमारतींना लागणारी वाळू आणि डांगरवाडीची वाळू एकच आहे. नागपुरात किंवा पुण्यात नव्या इमारतीच्या गच्चीवर कुंडी ठेवताना हा हिशेब मला टाळता येत नाही.

शेजार

बागेला लागणारी शेवटची गोष्ट म्हणजे शेजार. वालाचे बी बाजारातून आणले तर एका जातीचे मिळते. मोहाडीत आमच्या आळीतच चार प्रकारचे पोपट होते : पांढऱ्या फुलांचा, जांभळ्या शेंगांचा, लवकर येणारा, आणि माघापर्यंत चालणारा. एका घरी बी मोडले तर दुसऱ्या घरून येई. राखेत कालवलेले बी वाळलेल्या दुधी भोपळ्याच्या तुंब्यात ठेवीत. या देवघेवीला कोणी बीजसंवर्धन म्हणत नसे. काकू 'दोन दाणे ठेव' म्हणत, एवढेच.

या भागात भाजीपाल्याचे पिढीजात ज्ञान मरार समाजाकडे आहे. कोणत्या नक्षत्रात कोणते रोप टाकायचे, वांग्याचा शेंडा केव्हा खुडायचा, हे माझ्या पदवीत नव्हते. मला ते मरार बायकांनी बाजारात भाजी विकता विकता सांगितले. धान कापणीच्या आधी, बांधीत ओल असतानाच उभ्या पिकात लाखोळी फेकायची, ही इथली 'उतेरा' पद्धत तर न नांगरता दुसरे पीक घेण्याचा जुना धडा आहे. लाखोळीच्या दाण्यातल्या विषारी घटकामुळे १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी होती, राज्यात ती २००८ मध्ये उठली. बंदीच्या काळातही लाखोळीची कोवळी भाजी घरोघर खुडली जात होती.

आणि न लावलेल्या भाज्या वेगळ्याच. पहिल्या पावसानंतर वाडीच्या कडेला तरोटा उगवतो, खापरखुटी पसरते, केना येतो. धोप्याच्या पानांच्या वड्या होतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिले, त्यामुळे या मुलखाचे पुष्कळ शब्द कागदावर आले. मला वनस्पतिशास्त्राची शिक्षिका म्हणून त्यात आणखी एक गोष्ट दिसते : ज्या रोपाला बोलीत नाव आहे ते तण म्हणून उपटले जात नाही. नाव गेले की विळा चालतो.

आज वाडीत काय चालले आहे

आता या आदर्श जागेची सद्यस्थिती. जुनी घरे पाडून सिमेंटची बांधताना मागची जागा आधी जाते. गोठा नको असतो, उकिरडा लाजिरवाणा वाटतो, न्हाणीचे पाणी नालीत जोडले जाते. चूल गेली, बायकांच्या डोळ्यांना आराम पडला हे चांगलेच झाले, पण राखही गेली. वानरांच्या टोळ्यांमुळे लोकांनी पोपई आणि जांब लावणे सोडले. राहिलेल्या वाडीवर फरशी बसते, 'चिखल होत नाही' म्हणून. पांढरी तिच्याखाली बंद होते. बांधकामाखाली कन्हार गेली तर तशी कन्हार शेजारच्या शेतात उरते. पांढरी मात्र तेवढीच असते, आणि नवी व्हायला दीडदोनशे वर्षे लागतात. गावाबाहेर पडणाऱ्या नव्या लेआउटमध्ये मुरमाच्या भरावावर घरे उभी राहतात. तिथले हौशी लोक नागपूरहून कुंड्या आणि मातीची पोती आणतात.

राज्याच्या 'उमेद' अभियानाने अलीकडे 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम चालवली. बचत गटांच्या बायकांनी वाफे केले, रक्तक्षयावर उपाय म्हणून पालेभाज्या लावल्या. हे काम मोलाचे आहे. पण ज्या घरामागे सांदवाडी शाबूत आहे तिथे परसबाग नव्याने शिकवावी लागत नाही. आणि जिथे फरशी झाली तिथे शिकवूनही जागा नाही.

यंदा हा प्रश्न माझ्यापुढे घरगुती रूपात आला. आमच्या माहेरच्या घरामागे पाच गुंठ्यांची सांदवाडी आहे. रस्ता रुंद झाल्यापासून त्या जागेला भाव आहे, आणि भावांनी तिथे दुकानांचे गाळे काढायचे मनात घेतले. त्यात वावगे काही नाही; पुढच्या पिढीला उत्पन्न हवे. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच वाटा आहे, त्यामुळे माझी सही लागणार होती. माझ्या वाट्याचे पैसे देऊ असे ते मोकळेपणाने म्हणाले. हा लेख लिहिण्यासाठी जी आकडेमोड केली ती खरे तर त्यांना उत्तर देण्यासाठी सुरू केली होती. मी वाट्यात पैशांऐवजी विहिरीकडचे दीड गुंठे मागितले आहेत. निर्णय अजून व्हायचा आहे. एका भावाला माझे म्हणणे पटते आहे, दुसऱ्याला साठीनंतर पुणे सोडून मोहाडीला येणे हा हट्ट वाटतो. दवाखाना आणि मुले पुण्यात आहेत, हे त्याचे म्हणणे मलाही खोडता येत नाही.

मग राहावे कुठे?

वाचकाने मोहाडीला यावे असा माझा आग्रह नाही. गाव कोणतेही असो, जागा पाहायला जाल तेव्हा पाच गोष्टी पाहा. एक, माती कोणी बनवली. तिथे आधी माणसे आणि जनावरे किती काळ राहिली. जुन्या घराचे मागचे अंगण हे नव्या प्लॉटपेक्षा नेहमी सरस. दोन, छपरावर पडणाऱ्या पावसात किती बाग बसते. वर दिलेला हिशेब आपल्या गावचा पाऊस घालून करा. तीन, गावचा तलाव किंवा नदी कोणत्या अवस्थेत आहे. विहिरीच्या खोलीपेक्षा हे जास्त बोलके असते. चार, वर्षातले किमान चार महिने रात्री गार असतात का. पाच, बी मागायला जाता येईल अशी दोन घरे जवळ आहेत का.

मोहाडी यातल्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या कसोटीला आज तरी उतरते. तिसरीत तिला निम्मे गुण द्यावे लागतात, आणि ते वाढवणे एकट्यादुकट्याच्या हातात नाही. तलावाची पाळ गावाने मिळूनच धरावी लागते. मे महिना मी हिशेबात लपवलेला नाही. तो सोसावा लागतो.

हा अंक हाती पडेल तेव्हा हलके धान घरात आलेले असेल, भारी धान उभे असेल आणि गावोगावच्या मंडयांना सुरुवात झाली असेल. सांदवाडीत वाफे पाडून मेथी, पालक आणि सांबार टाकायचे दिवस हेच. ज्यांच्या गावी जुने घर आहे आणि दिवाळीला तिथे जाणे होणार आहे, त्यांनी एकदा मागच्या दाराने बाहेर पडून जमीन उकरून पाहावी. राखाडी, भुसभुशीत माती आणि तिच्यात खापराचा एखादा तुकडा लागला, तर फरशीचा ठेका देण्याआधी घरात बोलणे करावे.